तलाव आणि उकिरडा : नगरातील घनकचऱ्यावर आरोग्याची देखरेख

झाशीच्या जुन्या तटबंदीला पूर्वेच्या अंगास लक्ष्मी दरवाजा नावाची वेस आहे. या वेशीबाहेर पडले की महालक्ष्मीचे मंदिर लागते आणि त्यापुढे लक्ष्मी तालाचा जलविस्तार दिसू लागतो. तलावाच्या काठी झाशीचे अधिपती गंगाधरराव नेवाळकर यांची छत्री आहे. १८५३ च्या नोव्हेंबरात त्यांचा मृत्यू झाल्यावर राणी लक्ष्मीबाईंनी ती उभारविली. राणीच्या चरित्रामुळे आणि विष्णुभट गोडसे यांच्या प्रवासवर्णनामुळे झाशी हे नगर मराठी वाचकाला परके वाटत नाही. परंतु या लेखाचा विषय तेथील इतिहास नव्हे. जुन्या नगरातील मनुष्यनिर्मित तलाव आधुनिक काळात कोणत्या संकटात सापडतो, आणि त्याचे रक्षण करणाऱ्यांना काय काय जाणावे लागते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

लक्ष्मी तालाची अवस्था भारतातील शेकडो नगरतलावांसारखीच झाली. नगर वाढले, काठावर वस्ती आली, नाल्यांचे सांडपाणी पाण्यात उतरू लागले आणि जलपर्णीने पृष्ठभाग व्यापला. अखेरीस केंद्र शासनाच्या सरोवर-संवर्धनाच्या कार्यक्रमात या तलावाचा समावेश करावा लागला. तलाव बिघडला की दोष सहसा सांडपाण्याला दिला जातो, आणि तो बऱ्याच अंशी खराही असतो. परंतु नाल्यातून केवळ पाणी येत नाही. रस्त्यावर, गल्लीबोळांत आणि मोकळ्या जागेत जो केर पडून राहतो, त्याचाही शेवट पहिल्या पावसात त्याच नाल्यात व पुढे त्याच तलावात होतो. म्हणून तलावाच्या रक्षणाचा आरंभ तलावाच्या काठी न होता घराच्या उंबरठ्याशी होतो.

कचरा किती?

एक साधे गणित करून पाहू. १९११ पासून शंभर वर्षांनी, म्हणजे २०११ साली झालेल्या जनगणनेत झाशी नगराची लोकसंख्या पाच लाखांच्या किंचित वर होती. आपल्या देशातील मध्यम नगरांत दरडोई दररोज साधारण दोनशे ते सहाशे ग्रॅम घनकचरा निघतो. हिशेबासाठी चारशे ग्रॅम धरले, तर पाच लाख वस्तीच्या नगरातून दिवसाला दोन लाख किलोग्रॅम, म्हणजे दोनशे टन कचरा निघेल. गाडीतील कचऱ्याच्या एका घनमीटरचे वजन सुमारे चारशे किलोग्रॅम मानल्यास हा ढीग पाचशे घनमीटरांचा होतो. तो सपाट पसरला, तर एक एकर जमीन आठ दिवसांत एक मीटर उंचीपर्यंत भरून जाईल. असे आठवडे वर्षाला बावन्न असतात. नगराला आपला कचरा केवळ ‘कोठेतरी’ टाकून भागत नाही, हे यावरून ध्यानी येईल.

या ढिगातील सुमारे अर्धा भाग भाज्यांची देठे, फळांच्या साली, उष्टे अन्न, पालापाचोळा अशा कुजणाऱ्या पदार्थांचा असतो. उरलेल्यात कागद, कापड, प्लॅस्टिक, काच, पत्रा, धूळ आणि इमारतींचा राडारोडा येतो. थोडासाच, परंतु घातक असा एक तिसरा भागही असतो. त्यात जुन्या विद्युत्घटांपासून रंगाचे डबे, कालबाह्य औषधे, सुया आणि फुटलेल्या नळ्यादिव्यांपर्यंत नाना वस्तू असतात. हे तिन्ही भाग जोवर वेगळे असतात तोवर प्रत्येकाची व्यवस्था लावता येते. एकदा ते एकत्र झाले की कुजणारा भाग कागद नासवितो, काच खतात शिरते आणि विद्युत्घटातील जड धातू सर्वत्र पसरतात.

ढिगाच्या पोटात काय घडते?

उघड्यावर टाकलेला कचरा निपचित पडलेला दिसतो, पण त्याच्या पोटात अखंड उद्योग चालू असतो. ढिगाच्या वरच्या थरात हवा खेळते. तेथील जीवाणू प्राणवायूच्या साहाय्याने सेंद्रिय पदार्थांचे विघटन करतात आणि त्यामुळे उष्णता निर्माण होते. ढीग जसजसा उंच होतो, तसतशी आत हवा पोहोचेनाशी होते. मग प्राणवायूवाचून जगणाऱ्या जीवाणूंचे राज्य सुरू होते. ते प्रथम आम्ले तयार करतात आणि पुढे त्या आम्लांपासून मिथेन वायू निर्माण होतो. पक्व झालेल्या उकिरड्यातून निघणाऱ्या वायूत निम्म्याच्या आसपास मिथेन आणि उरलेला बहुतांश कार्बन डाय-ऑक्साइड असतो. हवेत मिथेनचे प्रमाण पाच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान आले की ते मिश्रण ठिणगीने स्फोट पावते. उकिरड्यांना वारंवार आगी का लागतात आणि वरून पाणी मारूनही त्या आतल्या आत का धुमसत राहतात, याचे कारण येथे सापडते. मुंबईच्या देवनार येथे १९२७ पासून कचरा टाकला जात होता. तेथे जानेवारी २०१६ मध्ये लागलेल्या आगीचा धूर एवढा पसरला की शहरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

दुसरे उत्पादन म्हणजे कचऱ्याचा पाझर. एका एकराच्या ढिगावर दहा सेंटीमीटर पाऊस पडला, तर त्यावर सुमारे चार लाख लिटर पाणी ओतले गेले असे होते. हे पाणी ढिगातून उतरताना आम्ले, क्षार, अमोनिया आणि विरघळलेले धातू आपल्याबरोबर घेते व काळपट, दुर्गंधीयुक्त द्रव होऊन तळाशी येते. कोवळ्या उकिरड्याचा पाझर घरगुती सांडपाण्याहून कित्येक पटींनी दूषित असतो.

झाशीसारख्या ठिकाणी या पाझराला विशेष महत्त्व आहे. बुंदेलखंडाची भूमी ग्रॅनाइट जातीच्या कठीण खडकाची आहे. येथे भूजल वाळूच्या जाड थरात साठत नाही. ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत राहते. वाळूतून पाणी हळूहळू गाळले जाते, परंतु भेगेतून ते गाळल्यावाचून लांबवर जाऊ शकते. शिवाय वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. त्यामुळे उन्हाळाभर साचलेली घाण एकाच ऋतूत विहिरींकडे आणि तलावाकडे धाव घेते.

तलावाचा श्वास

माशांना श्वसनासाठी लागणारा प्राणवायू पाण्यात विरघळलेला असतो. तीस अंश सेल्सिअस तपमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ही तलावाची संपूर्ण शिल्लक होय. कुजके पदार्थ पाण्यात पडले की त्यांचे विघटन करणारे जीवाणू या शिलकीवर तुटून पडतात. ठराविक पाण्यातील घाण कुजविण्यास जीवाणूंना किती प्राणवायू लागतो, हे मोजून पाण्याची दूषितता ठरविली जाते. उघड्यावरील स्नानास योग्य पाण्याला ही मागणी लिटरमागे तीन मिलिग्रॅमहून अधिक नसावी आणि विरघळलेला प्राणवायू पाच मिलिग्रॅमहून कमी नसावा, असा आपल्या देशातील मापदंड आहे.

याहून सूक्ष्म संकट खतद्रव्यांचे असते. कचऱ्याच्या पाझरातून व सांडपाण्यातून नत्र आणि स्फुरद तलावात येतात. तलावातील वनस्पतींची वाढ बहुधा स्फुरदाच्या अभावी अडून राहिलेली असते. ते मिळाले की एका ग्रॅम स्फुरदावर सुमारे शंभर ग्रॅम कोरडे शेवाळ पोसले जाते. मग पाणी हिरवे होते आणि जलपर्णी पसरते. खाली सूर्यप्रकाश पोहोचत नाही. मेलेले शेवाळ तळाशी जाऊन कुजते आणि उरलासुरला प्राणवायूही संपवून टाकते. एके पहाटे मासे मरून काठाला लागलेले दिसतात. लोकांना ती एका रात्रीत ओढवलेली आपत्ती वाटते. प्रत्यक्षात तिची तयारी अनेक वर्षे चाललेली असते.

रोग आणि कचरा : एक जुना धडा

नगराच्या कचऱ्यावर आरोग्यखात्याने लक्ष का ठेवावे? या प्रश्नाचे उत्तर भारताला फार मोठी किंमत देऊन मिळाले. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. नगरपालिकेने गटारे धुतली, घरे रिकामी केली, फिनेल शिंपडले. घाण हेच रोगाचे कारण असे तेव्हा समजले जाई, पण घाणीतून रोग माणसापर्यंत कसा येतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. १८९८ मध्ये कराची येथे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने प्रयोगाने दाखविले की, प्लेग उंदराच्या पिसवांमार्फत पसरतो. उंदीर मेला, त्याचे शरीर थंड पडले, की पिसवा ते सोडून नवा आश्रय शोधतात. तेव्हा उंदराचे अन्न आणि निवारा न हटविता केवळ त्याला हुसकावणे म्हणजे रोग शेजारच्या घरी पाठविणे होय, हे स्पष्ट झाले.

सुमारे शंभर वर्षांनी, सप्टेंबर १९९४ मध्ये, सुरतेत प्लेगची साथ आली आणि लाखो लोक शहर सोडून गेले. त्याआधी पुराने शहर वेढले होते व केरकचरा साचून राहिला होता. पुढील एक-दोन वर्षांत त्याच सुरतेने कचरा उचलण्याची शिस्त अशी बसविली की देशातील स्वच्छ नगरांत तिची गणना होऊ लागली. १९९६ मध्ये नगरांच्या कचऱ्याचा प्रश्न अलमित्रा पटेल यांच्या अर्जावरून सर्वोच्च न्यायालयापुढे आला आणि २००० साली देशात प्रथमच नागरी घनकचऱ्याचे स्वतंत्र नियम झाले. २०१६ मध्ये त्यांची जागा अधिक व्यापक नियमांनी घेतली.

रोगवाहक प्राण्यांचे जीवनचक्र माहीत असले की व्यवस्थेचे वेळापत्रक आपोआप ठरते. घरमाशी कुजक्या कचऱ्यात एका वेळी शंभराच्या वर अंडी घालते आणि उन्हाळ्यात अंड्यापासून माशी होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. यास्तव ओला कचरा आठवड्यातून निदान दोनदा, आणि उष्ण प्रदेशात दररोज, उचलला पाहिजे. डेंग्यूचा डास घाणीत वाढत नाही. त्याला टाकून दिलेला टायर, नारळाची करवंटी किंवा प्लॅस्टिकचा पेला यांत साचलेले स्वच्छ पाणी हवे असते. म्हणून सुका कचराही पावसात उघडा पडू देणे धोक्याचे ठरते.

जागा कशी निवडावी?

ज्याचे खत होत नाही आणि ज्याचा पुनर्वापरही होत नाही, असा थोडा कचरा शेवटी उरतोच. तो पुरण्यासाठी शास्त्रशुद्ध भराव करावा लागतो. २०१६ च्या नियमांनी त्याची जागा नदीपासून शंभर मीटर, तर तळे, महामार्ग, वस्ती, सार्वजनिक उद्याने आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरी यांपासून दोनशे मीटर दूर असावी असे ठरविले. विमानतळापासून अंतर वीस किलोमीटर असावे असेही त्यांत होते, कारण उकिरड्यावर घारी-गिधाडे जमतात आणि त्यांची विमानाशी टक्कर होऊ शकते.

भरावाच्या तळाशी नव्वद सेंटीमीटर जाडीचा दाबलेल्या चिकणमातीचा थर आणि त्यावर दीड मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची चादर अंथरावी, असे त्या नियमांत सांगितले होते. ही माती एवढी घट्ट हवी की तिच्यातून वर्षाकाठी सुमारे तीन सेंटीमीटर उंचीच्या थराइतकेच पाणी झिरपावे. चादरीवर जमणारा पाझर नळ्यांनी गोळा करून शुद्ध करावा लागतो. दररोज टाकलेल्या कचऱ्यावर निदान दहा सेंटीमीटर माती पसरावी आणि पावसाळ्यापूर्वी चाळीस ते पासष्ट सेंटीमीटरांचे आच्छादन घालावे, असाही दंडक होता. माती पसरणे हे काम क्षुल्लक दिसते, पण त्यामुळे माशी, उंदीर, दुर्गंधी, आग आणि पाणी या पाचांचीही वाट एकाच वेळी अडते.

पाहणी करणाऱ्याचे काम

नगराचा आरोग्य अधिकारी आणि त्याच्या हाताखालचे स्वच्छता निरीक्षक या साऱ्यावर देखरेख ठेवतात. त्यांचा दिवस पहाटे, झाडणाऱ्यांच्या हजेरीपासून सुरू होतो. कोणत्या गल्लीत गाडी गेली नाही, कोठे कचरा मिसळून आला, कोठे पेटवून दिला, याची नोंद होते. त्यानंतर प्रक्रियाकेंद्राची पाहणी असते. तेथे निरीक्षकाने तीन इंद्रिये सावध ठेवावी लागतात. नाकाला सडका वास आला तर खताच्या ढिगात हवा कमी पडते आहे असे समजावे. डोळ्यांना काळे ओघळ दिसले तर पाझराची नळी तुंबली असावी. हाताला ढीग थंड लागला तर कुजण्याची क्रिया थांबली आहे.

परंतु इंद्रियांवर भागत नाही, उपकरणे लागतात. मिथेनचे प्रमाण स्फोटक मर्यादेच्या पाव हिश्शाहून, म्हणजे हवेच्या सव्वा टक्क्याहून, वर जाऊ नये म्हणून ते मोजले जाते. भरावाच्या वरच्या अंगास एक आणि उताराच्या अंगास दोन-तीन अशा निरीक्षण-विहिरी खणतात. दोहोंतील पाण्याची तुलना केली की भरावातून काही निसटते आहे काय ते कळते. ही तपासणी उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर अशी प्रत्येक ऋतूत व्हावी लागते. एका नमुन्याने काही सिद्ध होत नाही. वर्षानुवर्षांची अखंड नोंदच खरी बोलते. भराव बंद झाल्यावरही पंधरा वर्षे ही राखण चालू ठेवावी, असे नियमांनी सांगितले होते.

या कामात एक अडचण स्वभावतःच आहे. कचरा उचलणारी संस्था नगरपालिका असते आणि तिच्या कामातील उणीव दाखविणारा अधिकारीही तिचाच नोकर असतो. उणीव लिहून ठेवली तर आपल्याच कार्यालयाला अप्रिय व्हावे लागते. लिहिली नाही तर त्याची किंमत उताराकडील विहिरीचे पाणी पिणाऱ्यांना द्यावी लागते. म्हणूनच राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळासारख्या बाहेरच्या यंत्रणेची संमती व तपासणी आवश्यक ठरते. तथापि बाहेरचा तपासनीस वर्षातून थोड्याच वेळा येतो. नित्याचा पहारा स्थानिक निरीक्षकाच्या वहीवरच अवलंबून असतो.

इंदूरचा धडा

झाशीहून दक्षिणेस माळव्यातील इंदूर हे मराठी राजवटीत वाढलेले दुसरे नगर. १९१८ मध्ये पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराने त्याचा अहवाल सिद्ध केला. तेथे असताना त्याने दिवाळीच्या सुमारास एक आगळी मिरवणूक काढविली. तीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा प्रचंड उंदीर होता, आणि नगर झाडणाऱ्यांना स्वच्छ वस्त्रे व पुष्पहार घालून सन्मानाने चालविले होते. स्वच्छता हुकुमाने येत नाही, ती लोकांना आपली वाटावी लागते, हे त्याने ओळखले होते.

त्याच नगरात पुढे अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी कंपोस्ट खताची ‘इंदूर पद्धती’ सिद्ध केली आणि १९३१ मध्ये तिच्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. पालापाचोळा, शेण, माती व राख यांचे थर रचून, ओलावा राखून आणि ठराविक अंतराने तीन वेळा पलटवून साधारण तीन महिन्यांत उत्तम खत होते. पलटविल्याने आत हवा शिरते व ढिगाचे तपमान पंचावन्न ते पासष्ट अंशांपर्यंत चढते. या उष्णतेत रोगजंतू, कृमींची अंडी आणि तणांचे बी नष्ट होते. जे कुजणे तलावात मृत्यू आणते, तेच कुजणे येथे शेताला जीवन देते. फरक हवेचा आणि व्यवस्थेचा आहे. मात्र खतासाठी आलेला कचरा वेगळा केलेला असला पाहिजे. नगरखतात शिसे किलोग्रॅममागे शंभर मिलिग्रॅमहून अधिक असू नये असा दंडक आहे, आणि मिसळलेल्या कचऱ्यातून तो पाळणे अवघड जाते.

कचरा हाताळणारे हात

या सर्व यंत्रणेचा भार अखेर माणसांच्या हातांवर असतो. काच, सुया, धूळ आणि दूषित वायू यांच्याशी त्यांचा रोजचा संबंध येतो. हातमोजे, बूट, मुखाच्छादन, धनुर्वात व काविळीची लस आणि काम संपल्यावर स्नानाची सोय हा उपकार नसून आरोग्यव्यवस्थेचाच भाग होय. पुण्यात १९९३ मध्ये कचरा वेचणाऱ्यांनी ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन केली. त्यांच्या श्रमामुळे पुनर्वापराचा माल उकिरड्यावर जाण्यापासून वाचतो, ही गोष्ट त्यामुळे लोकांच्या नजरेस आली. घरात कचरा वेगळा केला गेला, तर याच माणसांना ढीग उपसावा लागत नाही.

लक्ष्मी तालाकडे पुन्हा

गाळ उपसला, जलपर्णी काढली, काठ बांधून काढले आणि तेथे दिवे लावले, म्हणजे तलाव सुधारला असे वाटते. परंतु नाल्यांच्या मुखाशी तीच घाण येत राहिली, तर काही पावसाळ्यांत पूर्वीची अवस्था परत येते. तलाव हा आपल्या सभोवतालच्या साऱ्या उताराची नोंदवही असतो. त्या उतारावरील घराघरांत काय वेगळे ठेवले गेले, कोणती गाडी वेळेवर आली, कोणत्या ढिगावर माती पसरली गेली आणि कोणत्या निरीक्षकाने खरी नोंद केली, हे सारे त्याच्या पाण्यात उमटते. एखाद्या विद्यार्थ्याने आपल्या गावच्या तळ्याकडे या दृष्टीने पाहिले, पाण्याचा रंग, वास, काठचा कचरा व त्यास मिळणारे नाले यांची वर्षभर दर महिन्याला टिपण ठेवली, तर आपल्या गावाचे आरोग्य कोणत्या दिशेने चालले आहे, हे त्याला आपल्या डोळ्यांनी वाचता येईल.